पुरेसे म्हणजे किती?
परळीची वीज, परळीचे पाणी आणि आपली जीवनशैली : एक अभ्यासपाठ

फेब्रुवारी २०१३ मध्ये परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्राचे सर्व संच बंद करावे लागले. त्या वेळी केंद्राची क्षमता ११३० मेगावॅट होती. यंत्रांत बिघाड झाला नव्हता. पाणी संपले होते. आदल्या पावसाळ्यात मराठवाड्यातील धरणे भरली नाहीत, गोदावरीवरील खडका बंधारा आणि माजलगाव धरण यांतून केंद्राला मिळणारे पाणी आटले आणि चिमण्यांचा धूर थांबला. २०१५ मध्येही पाण्याअभावी केंद्र पुन्हा बंद ठेवावे लागले. १९७१ पासून महाराष्ट्राला वीज देणारे हे नगर त्या वर्षांत स्वतः टँकरची वाट पाहत होते.

हवामानबदल आणि शाश्वत जीवनशैली हे शब्द आता पाठ्यपुस्तकांत आहेत, शासनाच्या जाहिरातींत आहेत, भाषणांतही आहेत. शब्द परिचयाचे झाले की त्यांचा अर्थ तपासण्याची सवय सुटते. म्हणून या लेखात आम्ही दूरच्या हिमनगांपासून सुरुवात न करता आपल्याच गावातील विजेपासून व पाण्यापासून सुरुवात करीत आहोत. या स्मरणिकेचे वाचक म्हणजे आमचे माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव. त्यांनी हा पाठ घरी, विहारात, मुलांना सोबत घेऊन अभ्यासावा, ही अपेक्षा आहे.

एका युनिटमागे काय काय जळते?

औष्णिक केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. वाफेच्या दाबाने चक्र फिरते, त्याला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. पुढे ती वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करावे लागते आणि या थंड करण्याच्या कामी सर्वाधिक पाणी खर्ची पडते. त्यातील बरेचसे हवेत उडून जाते. केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये शीतकरण मनोरे असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांसाठी पाण्याची कमाल मर्यादा ठरवून दिली. ती एका मेगावॅट-तासाला ३.५ घनमीटर आहे. घरगुती भाषेत सांगावयाचे तर एका युनिटला साडेतीन लिटर पाणी.

त्याच एका युनिटसाठी साधारण पाऊण किलो कोळसा जळतो. आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण बहुधा तीस ते चाळीस टक्के असते; त्यामुळे पाव किलोच्या आसपास राख मागे राहते. शिवाय एक किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळतो. शंभर वॅटचा दिवा दहा तास जळला की एक युनिट होते. म्हणजे रिकाम्या खोलीत रात्रभर जळत राहिलेला असा एक दिवा साडेतीन लिटर पाणी, पाऊण किलो कोळसा आणि पाव किलो राख यांचा हिशेब मागे ठेवतो.

आपल्या घरातील वीज नेमकी परळीचीच असते असे नाही. सर्व केंद्रांची वीज एकाच जाळ्यात मिसळते आणि त्यात जलविद्युत, पवन व सौर वीजही असते. परंतु राज्याची बहुतांश वीज अजूनही कोळशावर तयार होते, त्यामुळे वरील हिशेब ढोबळमानाने सर्वांना लागू पडतो. परळीकरांना तर तो वेगळा समजावून सांगण्याची गरजच नाही. उन्हाळ्याच्या वाऱ्यात उडणारी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. त्याच राखेच्या विटांवर कित्येकांचे संसारही उभे आहेत. वीज केंद्र, कोळशाची वाहतूक, वीटकाम यांवर या तालुक्यातील हजारो घरांची चूल पेटते. म्हणून ‘केंद्र बंद करा’ इतक्या सोप्या घोषणेने हा प्रश्न सुटणारा नाही, हे आरंभीच लक्षात घेतले पाहिजे.

नेमके काय बदलते आहे?

दुष्काळ मराठवाड्याला नवा नाही. बीड जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथे सरासरीने वर्षाकाठी साडेसहाशे ते पावणेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीच्या अजून स्मरणात आहे. रोजगार हमी योजना त्याच काळातील दुष्काळी कामांतून आकाराला आली. तेव्हा प्रत्येक दुष्काळ हवामानबदलाच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही.

तरीही काही गोष्टी निश्चित बदलत आहेत. औद्योगिक क्रांतीपूर्व काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढलेले होते. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे जमिनीतील ओल लवकर उडते आणि पाऊस जेव्हा पडतो तेव्हा तो अधिक जोराने कोसळण्याची शक्यता वाढते. कोरडे दिवस अधिक कोरडे आणि ओले दिवस अधिक ओले, असा हा दुहेरी फटका आहे.

मराठवाड्याने दोन्ही टोके थोड्याच वर्षांत पाहिली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने हाताशी आलेली रब्बी पिके झोडपली. एप्रिल २०१६ पासून शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाचे सर्व दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची शेते पाण्याखाली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये बीडसह मराठवाड्यातील अनेक गावांनी पुन्हा पूर पाहिला. अशा काळात शेतकऱ्याला आजोबांच्या अनुभवावर विसंबून पेरणीचा दिवस ठरविता येत नाही. हवामानबदलाचा आपल्यापुरता पहिला अर्थ हाच की पिढ्यान्‌पिढ्यांचा अंदाज निरुपयोगी होऊ लागला आहे.

भार कोणाचा, भोग कोणाचा?

येथे एक प्रश्न टाळून चालणार नाही. पृथ्वी तापविण्यात कोणाचा वाटा किती? अमेरिकेतील एक माणूस वर्षाला सरासरी सुमारे चौदा टन कार्बन डायऑक्साइडला कारणीभूत होतो. भारतातील एक माणूस सुमारे दोन टनांना. भारताच्या या सरासरीतही महानगरातील वातानुकूलित सदनिका आणि तांड्यावरील पत्र्याचे घर एकत्र मोजलेले असते.

आपल्या जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत हे कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडाफडांतून फिरत राहतात. खोपीत ना पंखा, ना नळ. पाणी नसलेल्या जिल्ह्यातील माणसे सर्वाधिक पाणी पिणाऱ्या पिकात राबतात, याहून मोठा विरोधाभास कोणता? त्यांच्या मुलांचे शिक्षण मोडू नये म्हणूनच निवासी शाळांचे आणि हंगामी वसतिगृहांचे मोल आहे. या माणसांना कोणी ‘कमी वापरा, साधे राहा’ असा उपदेश करू लागला, तर तो उपदेश नसून क्रूर थट्टा ठरेल. त्यांचे साधेपण त्यांनी निवडलेले नाही; ते त्यांच्यावर लादलेले आहे.

आपल्या समाजाला हा भेद पुस्तकातून शिकावा लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत पाणी घेतले, ते पाण्यावरील समान हक्कासाठी. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज आणि जलसंपत्ती हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोरे प्रकल्पाच्या पायाभरणीच्या विचारात त्यांचा मोठा वाटा होता. देशाचे औद्योगिकीकरण व्हावे, दारिद्र्य हटावे यासाठी स्वस्त आणि मुबलक वीज हवी, अशी त्यांची भूमिका होती. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही त्यांनी हे स्पष्ट केले आहे की बुद्धांनी दारिद्र्याचा गौरव केलेला नाही. तेव्हा वीज वापरणे, स्वच्छ कपडे घालणे, पक्के घर बांधणे यांत अपराधीपणा मानण्याचे कारण नाही. शतकानुशतके जे नाकारले गेले ते मिळविणे हा प्रतिष्ठेचा प्रश्न होता आणि आजही अनेकांसाठी तो तसाच आहे.

मग शाश्वत जीवनशैलीची निवड कोणी करावयाची? आमचे उत्तर असे आहे की ज्याच्यापाशी निवड आहे, त्याने. ज्यांच्या आईवडिलांनी कंदिलाच्या उजेडात मुलांना शिकविले, ती मुले आज पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर येथे नोकरी-व्यवसायात आहेत. एक पंखा की वातानुकूलन यंत्र, बस की मोटार, एक पोशाख की पाच, हे ठरविण्याची मुभा या पिढीला प्रथमच मिळाली आहे. जबाबदारी या मुभेबरोबरच येते.

पुरेसे म्हणजे किती?

मध्यम मार्गाचा अर्थ आपण पुष्कळदा केवळ ध्यान-साधनेपुरता घेतो. वस्तुतः तो वापराचाही मार्ग आहे. देहदंड नको आणि उपभोगाचा अतिरेकही नको. भिक्खूच्या चार गरजा सांगितल्या आहेत : चीवर, पिंडपात, शयनासन आणि औषध. यांतील प्रत्येक वस्तू वापरताना ती कशासाठी वापरीत आहोत याचे स्मरण ठेवावयाचे असते. चीवर थंडी-उन्हापासून आणि डास-माश्यांपासून रक्षणासाठी, मिरविण्यासाठी नव्हे. अन्न देह टिकविण्यासाठी, चैनीसाठी नव्हे. मात्रा ओळखण्याच्या या गुणाला पालीत ‘मत्तञ्ञुता’ म्हणतात.

विनयपिटकातील एक प्रसंग या दृष्टीने मोठा बोलका आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी भिक्खू आनंद यांना पाचशे वस्त्रे दान दिली. इतकी वस्त्रे घेऊन हा श्रमण दुकान मांडणार काय, असा राजाला संशय आला. त्याने जाऊन विचारले. आनंदांनी सांगितले की ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटली जातील. मग जुन्या चीवरांचे काय, असे राजाने विचारले. त्यांचे पलंगपोस होतील. पलंगपोस जुने झाले की? गादीची खोळ. ती जीर्ण झाली की जमिनीवर अंथरावयाची बैठक, मग पायपुसणे, मग झाडपुसण्याचे फडके. आणि ते फडकेही विरले की बारीक कापून, चिखलात मळून जमीन लिंपावयाची. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

ही कथा ऐकताना मराठवाड्यातील कोणाला आपल्या आजीची वाकळ आठवणार नाही? जुने लुगडे, फाटलेले धोतर, लेकराचे आखूड झालेले झबले यांचे थर लावून टाके घातले की थंडी निभावत असे. त्या वाकळेमागे गरिबी होती हे खरे, पण वस्तूचे पूर्ण आयुष्य ओळखण्याचे शहाणपणही होते. गरिबी जावी आणि शहाणपण राहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. आज मोबाइलवर बोट टेकताच स्वस्त कपडा दारात येतो, चार धुण्यांत विटतो आणि उकिरड्यावर जातो. लग्नातील पंगतीत ताटात टाकलेले अन्न, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीनंतर रस्त्यावर उरणारे प्लास्टिकचे पेले, हेही आपण प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. उन्हातान्हात पाणी पाजणारा हात पुण्यवान खराच. तेच पाणी धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या पेल्यातून दिले तर त्या पुण्यात उणे काही होणार नाही.

एकट्याचा संयम पुरत नाही

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मी एकट्याने नळ बंद केल्याने काय होणार? शंका रास्त आहे. आपण बादलीभर पाणी वाचवावे आणि शेजाऱ्याने आणखी दोनशे फूट खोल बोअर मारावे, असे झाले तर एकाचा संयम दुसऱ्याच्या बोअरमध्ये वाहून जातो. म्हणून निवड व्यक्तीची असली तरी नियम सर्वांचा असावा लागतो.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हे करून दाखविले. तेथील पाऊसमान आपल्यापेक्षाही कमी आहे. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर या गावाने १९९० च्या दशकात आदर्श गाव योजनेत भाग घेतला. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, डोंगरउतारावर समतल चर, ओढ्यांवर बांध ही कामे झाली. पण तशी कामे इतरही अनेक गावांत झाली आणि काही वर्षांत वाया गेली. हिवरे बाजारचे वेगळेपण हिशेबात आहे. पावसाळा संपला की गाव पडलेल्या पावसाची आणि विहिरींतील पातळीची नोंद घेते. प्रथम माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढले जाते. उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतात ते ग्रामसभा ठरविते. शेतीसाठी बोअर घ्यावयाची नाही आणि उसासारखे पाणीखाऊ पीक टाळावयाचे, हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. पाऊस कमी झालेल्या वर्षी पेरा कमी होतो, पण पिण्याच्या पाण्यासाठी टँकरकडे डोळे लावून बसावे लागत नाही. ‘पुरेसे किती’ हा प्रश्न तेथे दर वर्षी आकड्यांत सोडविला जातो.

वर्षावासाची वही

आपल्या परंपरेत असा हिशेब करण्यास योग्य काळही आहे. पावसाळ्यात फिरणाऱ्या श्रमणांच्या पायांखाली कोवळी पिके आणि बारीक जीव तुडविले जातात, अशी लोकांची तक्रार होती. त्यावरून भिक्खूंनी पावसाळ्यात एके ठिकाणी राहावे, असा नियम झाला, तोच वर्षावास. आपल्या पावलाखाली काय येते याचा विचार करून चालणे थांबविणे, हेच त्या नियमाचे मर्म आहे. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारांतून ग्रंथवाचन होते. त्याबरोबरच प्रत्येक कुटुंबाने एक वही घालावी, असे आम्ही सुचवितो. वहीत चार पाने असावीत.

पहिले पान विजेचे. दर रविवारी मीटरचे वाचन लिहावे आणि आठवड्याच्या युनिटांना साडेतीनने गुणावे. तेवढे लिटर पाणी आपल्या विजेमागे आहे असे समजावे. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नव्या पद्धतीचा बीएलडीसी पंखा सुमारे ३०. रोज बारा तास, वर्षातील दोनशे दिवस पंखा चालला तर एका पंख्यामागे १०८ युनिट वाचतात. पन्नास पंख्यांचे वसतिगृह धरले तर ५४०० युनिट, म्हणजे चार टन कोळसा आणि जवळपास एकोणीस हजार लिटर पाणी.

दुसरे पान पाण्याचे. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी घालवितो. शंभर चौरस मीटर छपरावर ६५० मिलिमीटर पाऊस पडला तर ६५ हजार लिटर पाणी येते. वाया जाणारे वजा जाता सुमारे ५२ हजार लिटर हाती लागावे. पाच माणसांना पिण्यास व स्वयंपाकास रोज तीस लिटर धरले तर वर्षाची गरज अकरा हजार लिटर आहे. परळीत छपरावर राख बसते, म्हणून पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, नंतरचे बोअरच्या पुनर्भरणाकडे वळवावे. पिण्यास वापरावयाचे असल्यास तपासून आणि शुद्ध करूनच.

तिसरे पान वस्तूंचे. वर्षभरात आणलेली प्रत्येक मोठी वस्तू, तिचे कारण आणि ती दुरुस्त होते की नाही, एवढेच लिहावे.

चौथे पान सामाईक कामांचे. विहार, शाळा, गृहनिर्माण संस्था येथे एकट्याने न होणारे काय करता येईल? छतावरील एक किलोवॅटचा सौर संच दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो आणि ती करताना कोळसाही जळत नाही, वाफही होत नाही. पाणी लागते ते केवळ पाट्या धुण्यापुरते. घरगुती सौर संचासाठी पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंत ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना हे परवडते त्यांनी स्वतःच्या छतापासून आरंभ करावा. तसेच सौर संच बसविण्याचे व दुरुस्तीचे कौशल्य परळीच्या तरुणांना मिळेल असे पाहावे. कोळशाचे काम उद्या कमी झाले तर आज त्यावर जगणाऱ्या घरांना दुसरी वाट असली पाहिजे. ती वाट वेळेत तयार करणे हाही शाश्वत जीवनाचाच भाग आहे.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या घराच्या मागील महिन्याच्या वीजबिलामागे किती लिटर पाणी आणि किती कोळसा आहे? हिशेब मांडा.
२. आपल्या घरातील कोणता साधेपणा निवडलेला आहे आणि कोणता परिस्थितीने लादलेला? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.
३. आपल्या गावाने किंवा वसाहतीने हिवरे बाजारप्रमाणे पाण्याचा एकच नियम स्वतःवर घालावयाचा झाला, तर तो कोणता असावा? त्याला विरोध कोण करील आणि त्या विरोधामागे रास्त कारण असेल काय?
४. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला गावातच बारमाही काम मिळावे यासाठी आपल्या भागात पाण्याचा वापर कसा बदलावा लागेल?
५. आपल्या अंगावरील एका कपड्याचा पुढील प्रवास, आनंदांनी राजाला सांगितला त्याप्रमाणे, पायरीपायरीने लिहा. तो कोठे तुटतो?

वर्षावास संपल्यावर या वह्या शाळेकडे पाठवाव्यात. मुलांना टक्केवारी, सरासरी आणि आलेख शिकविण्यासाठी याहून चांगले आकडे आम्हांला मिळणार नाहीत.